भिंतीवरचं विणकाम : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी विणलेल्या वॉल हँगिंगविषयी आलेली पत्रं घेतली आहेत. लिहिणाऱ्या बहुतेकांचा हात स्वेटर, शाली, बाळाची टोपडी यांवर बसलेला आहे, आणि अडचणी नेमक्या तिथूनच निघतात. स्वेटरला अंग आकार देतं. भिंतीवरचं विणकाम मात्र स्वतःच्या वजनानं लोंबत असतं आणि त्यातला उठाव सावलीमुळे दिसतो. म्हणून धागा, सुई, वीण, दांडी यांतलं काहीही निवडताना उजेड कोणत्या बाजूनं येणार आणि वजन कशावर पडणार, हे आधी पाहा.

प्रश्न : मला दोन सुयांवरचं विणकाम चांगलं येतं, पण क्रोशे आणि मॅक्रमे (दोरीच्या गाठींचं काम) येत नाही. फक्त सुयांवर, साधारण ४० बाय ६० सेंटिमीटरचं, उठावदार विणीचं वॉल हँगिंग करायचं आहे. टाक्यांच्या हिशोबासकट कृती द्याल का? (सातारा)

उत्तर : देतो. यात साबुदाण्याची वीण, दोन वेण्या आणि मध्ये टोपलीची वीण असे पट्टे आहेत. तिन्ही विणी तुम्हाला येत असतील. त्या शेजारी शेजारी बसवताना मात्र थोडं सांभाळावं लागतं.

लोकर फिकट, एकरंगी घ्या. एकेरी धाग्यानं ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरला २२ टाके बसतात, ती मध्यम जाडीची लोकर इथे चालेल. दोन धागे एकत्र धरून ५.५ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या ५ नंबरच्या सुयांवर विणायचं आहे. वेणीसाठी एक आखूड, दोन्ही टोकं मोकळी असलेली सुई लागेल. ५० ग्रॅमच्या सहा गुंड्या आणा. एवढं सगळं लागणार नाही, पण नंतर त्याच रंगछटेची लोकर मिळेलच असं नसतं.

आधी २४ टाके घालून ३४ ओळींचा तुकडा विणा, एक ओळ सुलट आणि एक उलट. तो साधारण १५ बाय १५ सेंटिमीटर भरला, म्हणजे १० सेंटिमीटरला १६ टाके आणि २२ ओळी आल्या, तर हात बरोबर आहे. १६ ऐवजी १४ टाके आले तर विणकाम सैल आहे. एक नंबर बारीक सुई घ्या. स्वेटरला थोडी सैल वीण चालते, इथे चालत नाही, कारण सैल टाका लोंबतो. तुकडा दोन चिमट्यांनी दोरीवर अडकवा, खालच्या कडेला आणखी दोन चिमटे लावा आणि दिवसभर तसाच ठेवा. संध्याकाळी एक सेंटिमीटरहून जास्त लांबला असेल तर आणखी बारीक सुई हवी. याच तुकड्याचं वजन करून ठेवा. तो १६ ग्रॅम भरला, तर पूर्ण कामाचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण १२ पट असल्यानं १९२ ग्रॅम लोकर लागेल. वेण्या जास्त लोकर खातात, म्हणून त्यावर १५ टक्के धरा. खालच्या दशांसाठी ३० ग्रॅम वेगळी ठेवा.

आता काम. ६६ टाके घाला. सहा ओळी सगळ्या सुलट विणा. यांतल्या सहाव्या ओळीत चार टाके वाढवायचे आहेत : १७ सुलट, मग १ सुलट, एक वाढ, २ सुलट, एक वाढ, १ सुलट, मग २४ सुलट, पुन्हा १ सुलट, एक वाढ, २ सुलट, एक वाढ, १ सुलट, शेवटी १७ सुलट. वाढ करताना दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून मागच्या बाजूनं विणा, म्हणजे भोक पडणार नाही. एकूण ७० टाके होतील. ही वाढ गाळू नका. वेणी टाके आत ओढते. सुरुवातीलाच सगळे ७० टाके घातले तर वेणीच्या खाली किनार झालरीसारखी फुलते आणि भिंतीवर टांगल्यावर तेच आधी दिसतं.

सुलट बाजूची पहिली ओळ अशी : ५ सुलट काठाचे, १० टाके साबुदाणा, म्हणजे एक सुलट एक उलट पाच वेळा, २ उलट, ६ सुलट, ही पहिली वेणी, २ उलट, मधले २० टाके ४ सुलट, ४ उलट, ४ सुलट, ४ उलट, ४ सुलट, २ उलट, ६ सुलट, दुसरी वेणी, २ उलट, १० साबुदाणा, ५ सुलट. परतीच्या ओळीत काठाचे पाच-पाच टाके सुलटच विणा. साबुदाण्यात समोर सुलट दिसणारा टाका उलट विणायचा आणि उलट दिसणारा सुलट. बाकी सगळे जसे दिसतील तसे.

असा सहा ओळींचा एक संच धरा. प्रत्येक संचाच्या तिसऱ्या ओळीत वेणीचा पीळ घालायचा. उजवीकडच्या वेणीचे पहिले ३ टाके आखूड सुईवर घेऊन कामाच्या पुढे ठेवा, पुढचे ३ विणा, मग आखूड सुईवरचे ३ विणा. डावीकडच्या वेणीत आखूड सुई मागे ठेवा. त्यामुळे दोन्ही वेण्या वर चढताना मधल्या पट्ट्याकडे झुकतात. दोन्हीकडे सुई पुढेच धरली तर सगळं काम एका अंगाला कलल्यासारखं दिसतं. संच संपला की मधल्या टोपलीचे चौकोन बदला : जिथे सुलट होते तिथे उलट, उलटच्या जागी सुलट. ४ टाके आणि ६ ओळी म्हणजे प्रत्येक चौकोन सुमारे अडीच-पावणेतीन सेंटिमीटरचा. असे २० संच विणायचे.

काठाकडे लक्ष ठेवा. सगळ्या ओळी सुलट विणलेला काठ उंचीला दबतो, त्याच ओळींत वेणीचा पट्टा जास्त उंच होतो. मग काठ ताणला जाऊन बाजूला सुरकुत्या येतात आणि मधला भाग पुढे फुगतो. दर तीन संचांनंतर दोन्ही काठांवर दोन जादा ओळी द्या : ओळीच्या सुरुवातीला ५ टाके सुलट विणा, काम फिरवा, तेच ५ परत विणा, पुन्हा फिरवा आणि नेहमीप्रमाणे पूर्ण ओळ विणा. दुसऱ्या काठाला हेच परतीच्या ओळीत करा.

वीस संच झाले की वर दांडीची पट्टी. पहिली ओळ सुलट विणताना प्रत्येक वेणीवर दोनाचा एक, २ सुलट, दोनाचा एक असे टाके कमी करा. पुन्हा ६६ होतील. त्यानंतर उलट, सुलट करत एकूण आठ ओळी. नववी ओळ सुलट बाजूनं सगळी उलट विणा, ही दुमडण्याची रेघ. मग परतीच्या उलट ओळीपासून पुन्हा उलट, सुलट अशा आठ ओळी विणून टाके सैल हातानं बंद करा आणि मीटरभर धागा ठेवून तोडा. पट्टी मागे दुमडून त्याच धाग्यानं शिवा. शिवताना सुई मागच्या उलट गाठींतूनच फिरवा, पुढे येऊ देऊ नका. दोन सेंटिमीटर जाडीपर्यंतची दांडी यात बसते.

दशांसाठी ५० सेंटिमीटरचे १३२ तुकडे कापा. खालच्या किनारीवर दर दुसऱ्या टाक्यात चार-चार तुकडे एकत्र दुमडून अडकवा. ३३ गोंडे होतील. गाठीत थोडी लांबी जाते, म्हणून शेवटी सगळे २० सेंटिमीटरवर कापून सारखे करा. कापायचं काम टांगल्यावरच करा. जमिनीवर सरळ दिसलेली कड टांगल्यावर सरळ राहत नाही.

प्रश्न : मरून-काळ्या शेडेड लोकरीत वेण्यांचं वॉल हँगिंग केलं. विणताना वेण्या छान दिसत होत्या, भिंतीवर लावल्यावर काहीच दिसत नाही. वीण चुकली का? (ठाणे)

उत्तर : वीण बरोबर असणार. वेणी दिसते ती तिच्या कडेच्या सावलीमुळे. गडद धाग्यात सावली बुडून जाते. शेडेड लोकरीत डोळा रंगाच्या पट्ट्यांमागे जातो आणि पीळ हरवतो. विणताना काम मांडीवर होतं, उजेड तिरका पडत होता, म्हणून तेव्हा उठाव दिसला. भिंतीवर समोरून ट्यूबलाइटचा उजेड पडतो आणि सगळं सपाट होतं.

काम उसवू नका, आधी जागा बदलून पाहा. खिडकीला लागून असलेल्या, म्हणजे बाजूनं उजेड येणाऱ्या भिंतीवर लावा किंवा वर छताजवळ भिंतीलगत छोटा दिवा द्या. पुढच्या वेळी कच्चा पांढरा, राखाडी, फिका मातकट असे रंग घ्या. जास्त पीळ असलेला, गुळगुळीत, गोल धागा वीण सर्वांत स्वच्छ दाखवतो. केसाळ किंवा मखमली धाग्यात वेणी आणि साबुदाणा दोन्ही वाया जातात. तसला धागा आवडत असेल तर सगळ्या ओळी सुलट विणून त्याला त्याचंच काम करू द्या.

प्रश्न : अमेरिकेतल्या भाचीनं एका हँगिंगची कृती पाठवली. त्यात ८ नंबरची सुई सांगितली होती. मी ८ नंबरवरच विणलं, तर काम पुठ्ठ्यासारखं कडक आणि फार लहान झालं. (धुळे)

उत्तर : दोन्ही देशांचे नंबर उलटे चालतात. आपल्याकडे जुनी ब्रिटिश मापं रूढ आहेत. त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. तुमची ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, भाचीची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. १० नंबरला तर फरक फारच मोठा आहे : आपल्याकडे ३.२५ मिलिमीटर, तिकडे ६ मिलिमीटर. कृती कुठलीही असो, मिलिमीटर विचारून घ्या. सुईवर छापलेलं पुसलं असेल तर सुयांचं माप घेण्याची भोकांची पट्टी विणकामाच्या दुकानात मिळते.

प्रश्न : हँगिंगच्या चारही कडा वळत होत्या. सपाट व्हाव्यात म्हणून उलट बाजूनं इस्त्री फिरवली. कडा सरळ झाल्या, पण सगळा उठावच गेला आणि लोकर चकाकायला लागली. आता काय करू? (नागपूर)

उत्तर : लोकर अ‍ॅक्रिलिक होती. वाईट वाटतं, पण हा बदल परत फिरत नाही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. गरम तवा टेकला की धागा मऊ होऊन दबतो, त्याचा ताण जातो आणि थंड झाल्यावर तो तसाच राहतो. पुढच्या कामात इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर धरून फक्त वाफ द्या, वेण्यांच्या पट्ट्यावर तीही कमी. त्याआधी काम गादीवर किंवा जाड सतरंजीवर मापात ताणून, दर तीन-चार सेंटिमीटरला न गंजणारी टाचणी लावून ठेवा. वाफ दिल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत टाचण्या काढू नका. सुती आणि अस्सल लोकरीचं काम मात्र कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून, टाचण्या लावून सावलीत वाळवायचं.

कडा वळण्याचं कारण विणीतच असतं. एक ओळ सुलट, एक उलट विणलं की एका बाजूला सगळे सुलट टाके येतात आणि दुसरीकडे सगळ्या उलट गाठी. वाकवलेला धागा सरळ व्हायला पाहतो आणि त्याला अडवणारं समोर काही नसतं. म्हणून बाजूच्या कडा मागे वळतात, खालची-वरची कड पुढे येते. सुती किंवा अस्सल लोकरीच्या कामात इस्त्रीनं हे तात्पुरतंच दबतं. सुलट-उलट टाके मिसळलेली वीण, म्हणजे साबुदाणा किंवा टोपली, मुळात वळत नाही. साधी वीण हवीच असेल तर बाजूला पाच-पाच टाक्यांचा आणि खाली सहा ओळींचा सगळा सुलट काठ घ्या. तुमच्या सपाट झालेल्या कामाच्या मागे कापड लावून उशीचा अभ्रा करता येईल. मऊपणा आहे, तो तिथे उपयोगी पडेल.

प्रश्न : मॅक्रमेची ३ मिलिमीटरची सुती दोरी सुयांवर विणून मोठं हँगिंग केलं. जूनमध्ये लावलं, दिवाळीपर्यंत सहा सेंटिमीटर लांबलं, खालची कड मध्ये झोळीसारखी झाली आणि मागे बुरशीचा वास येतो. (रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत.

सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. ताणलेला लोकरीचा टाका मागे येतो, सुताचा येत नाही. त्यात ही दोरी जड, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन आणखी जड होणारी. प्रत्येक ओळ खालच्या सगळ्या ओळींचं वजन पेलते, म्हणून वरचे टाके सर्वांत जास्त लांबलेले दिसतील. हँगिंग उतरवा, भिजवा, मूळ मापात टाचून वाळवा आणि मागे मांजरपाटाचं अस्तर लावा. मांजरपाट धुतल्यावर आटतो, तेव्हा शिवण्याआधी धुऊन वाळवून घ्या. अस्तर विणकामापेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर लहान कापा, वर दांडीच्या पट्टीला घट्ट शिवा आणि मध्ये दर दहा सेंटिमीटरवर आडव्या ओळीत सैल टाके घाला. वजन मग अस्तर पेलतं. खालची कड मोकळी सोडा. तीही शिवली तर पुढच्या पावसाळ्यात तिथे पोट येईल.

मध्ये झोळी येते ती दांडीमुळे. बारीक दांडी दोन टोकांना बांधलेल्या दोरीवर लटकते आणि मधोमध वाकते. ४० सेंटिमीटर रुंदीच्या हलक्या कामाला दीड सेंटिमीटर जाडीची दांडी पुरते. ९० सेंटिमीटरच्या सुती कामाला अडीच सेंटिमीटरची घ्या आणि टोकांना दोरी बांधण्याऐवजी दांडी दोन खिळ्यांवर ठेवा, प्रत्येक टोकापासून रुंदीच्या एक पंचमांश अंतरावर.

वासाचं कारण भिंत. ती बाहेरची, पावसाची भिंत असणार. पापुद्रे किंवा लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेला खारट पांढरा थर, दिसतो का पाहा. अशा भिंतीवर सुती विणकाम लावूच नये. दुसरी जागा नसेल तर मागच्या खालच्या कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या सेंटिमीटरभर जाड चकत्या शिवा, म्हणजे मागून हवा खेळेल, आणि पावसाचे चार महिने काम उतरवून ठेवा. आत्ताची बुरशी घराबाहेर कडक उन्हात, कोरड्या मऊ ब्रशनं झटकून काढा. ओल्या फडक्यानं पुसलं तर ती आत मुरते.

आणि पुढच्या वेळी दोरी विणू नका. मॅक्रमेची दोरी गाठींसाठी असते. सुईवर तिचे पदर सुटतात, मनगट दुखतं आणि एवढं करून वेणी जेमतेम उठते. चार-पाच पदरी सुती धागा दुहेरी धरून ५ मिलिमीटरच्या सुईवर घट्ट विणला तर काम निम्म्या वजनात होतं.

प्रश्न : आमच्याकडे धनगरांकडून घोंगडीची हातानं कातलेली लोकर मिळते. तिचं हँगिंग होईल का? एक तुकडा विणून पाहिला, तो समांतरभुज चौकोनासारखा तिरका झाला. (सांगली जिल्हा)

उत्तर : होईल, आणि आमच्या मते भिंतीसाठी याहून चांगली लोकर शोधायला नको. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. अंगाला टोचते म्हणून स्वेटरला ती नकोशी, पण तोच भरडपणा टाका ताठ ठेवतो आणि काम लोंबू देत नाही. सणगर विणकर तिच्यापासून घोंगड्या करत आले आहेत ते काही उगाच नाही. काळ्या लोकरीत वेणी दिसणार नाही, तेव्हा पांढरी किंवा करडी निवडून घ्या. काळी हवी असेल तर वेणीऐवजी मोठे चौकोन, बॉबल (एकाच टाक्यातून उठवलेले गोळे), लांब दशा असा ठळक उठाव ठेवा.

तुकडा तिरका झाला तो धाग्याच्या पिळामुळे. हातानं कातलेला एकपदरी धागा एकाच दिशेनं पिळलेला असतो, आणि प्रत्येक टाक्यात तो पीळ उलगडायला पाहतो. एक ओळ सुलट, एक उलट या विणीत सगळे टाके एकाच बाजूला झुकतात. साबुदाणा, टोपली किंवा सगळं सुलट विणलं की पुढचे-मागचे टाके एकमेकांचा झोक मोडतात आणि काम सरळ राहतं. त्याआधी लडी कोमट पाण्यात रिठ्यानं धुऊन, खाली अर्ध्या किलोचं वजन अडकवून टांगून वाळवा. पीळ बराच शांत होतो. धुताना चोळू नका, लोकर जमून नमदा होईल. कुसळं आणि काड्या लडी वाळल्यावर झटकून निघतात, राहिलेल्या विणताना हातानं काढा.

एका गोष्टीची काळजी मात्र घ्यावी लागेल, ती म्हणजे कसर. तिच्या अळ्या अंधाऱ्या, न हलणाऱ्या जागी लोकर खातात, आणि हँगिंगची मागची बाजू त्यांना नेमकी तशीच मिळते. दर दोन महिन्यांनी काम उतरवून दोन्ही बाजूंनी झटका, ब्रश करा, ऊन दाखवा. कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका. भोकं दिसू लागलीच तर काम प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर लोकरीवर दव धरेल.

प्रश्न : बॉबल करते, पण काही मागच्या बाजूला जातात आणि काही लोंबतात. (पुणे)

उत्तर : कृती आधी जुळवून घ्या. एकाच टाक्यात सुलट, धागा पुढे, सुलट, धागा पुढे, सुलट असे पाच टाके करा. काम फिरवून ५ उलट. फिरवून ५ सुलट. फिरवून दोनाचा एक उलट, १ उलट, दोनाचा एक उलट. फिरवून एक टाका न विणता घ्या, पुढच्या दोनाचा एक करा आणि घेतलेला टाका त्यावरून ओलांडा. पुन्हा एकच टाका उरतो.

आजूबाजूला सुलट टाके असतील तर बॉबलला मागे पडायला जागा मिळते. उलट टाक्यांच्या जमिनीवर तो पुढेच राहतो. लोंबतो तो शेजारचा टाका सैल राहिल्यामुळे : बॉबल झाल्यावर लगेचचा टाका ओढून विणा आणि परतीच्या ओळीत बॉबलचा टाका मागच्या बाजूनं विणा, म्हणजे त्याच्या मानेला पीळ बसतो. लोकरीचाही हिशोब ठेवा. एका बॉबलमध्ये अठरा-एकोणीस टाक्यांचा धागा जातो. वर दिलेल्या ७० टाक्यांच्या कामात ५० बॉबल घातले तर दहा टक्के लोकर जास्त लागेल. बॉबल वरच्या भागात दाट आणि खाली विरळ ठेवलेले बरे. खाली दाट केले तर त्यांचं वजन वरच्या सगळ्या ओळींवर येतं.

प्रश्न : वीस ओळींखाली एका वेणीचा पीळ उलटा पडला आहे. सगळं उसवावं लागेल? (डोंबिवली)

उत्तर : नाही. त्या वेणीवर पोचेपर्यंत ओळ विणा, फक्त वेणीचे ६ टाके सुईवरून सोडा आणि चुकलेल्या पिळापर्यंत उसवा. उसवलेले आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतील; ते क्रमानं ठेवा. दोन आखूड सुयांवर ते ६ टाके घेऊन सर्वांत खालच्या धाग्यानं पीळ बरोबर घाला, मग एकेक पायरी वर विणत या. कडेचे टाके थोडे ढिले दिसले तर शेजारच्या उलट टाक्यांमधून सुईच्या टोकानं धागा सरकवून घ्या. काम दुहेरी धाग्याचं असेल तर प्रत्येक पायरीत दोन्ही धागे उचलले का ते पाहा. एक सुटला की मागे फासा लोंबतो. काम पूर्ण होऊन टाके बंद झाले असतील तर हे जमणार नाही. तेव्हा त्याच लोकरीनं, शिवणाच्या बोथट सुईनं, वरचे तीन टाके जसे दिसायला हवेत तसे त्यांच्यावरच भरून काढा. दीड मीटरवरून कोणाला कळणार नाही.

प्रश्न : भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नाही. चिकटणारा हुक लावला, तो रंगाच्या पापुद्र्यासकट खाली आला. (बेंगळुरू)

उत्तर : डिस्टेंपर आणि चुन्याच्या भिंतीवर हुक चिकटतो तो रंगाला, भिंतीला नाही. ऑइल पेंट, टाइल, काच आणि लाकडाच्या दारावर तो टिकतो. सातारच्या वाचकांना सांगितलेलं काम दांडीसकट अर्ध्या किलोच्या आत बसतं, तेव्हा कपाटाच्या बाजूला किंवा दाराच्या मागच्या अंगाला ते सहज राहील. दांडीची दोरी जितकी सपाट बांधाल तितका ताण वाढतो आणि दांडीची टोकं आत ओढली जातात. दोरीचा कोन उंच, निमुळता ठेवा. हुक लावण्याआधी जागा कोरड्या फडक्यानं पुसा आणि लावल्यावर दिवसभर त्यावर काही टांगू नका.

प्रश्न : विणलेली वॉल हँगिंग हे अलीकडचं फॅड आहे, जुनं काम नव्हे, असं आमच्या विणकाम मंडळातल्या एका ज्येष्ठ बाई म्हणतात. खरं का? (कोल्हापूर)

उत्तर : सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सास भागात आणि सिलेशियात (हा भाग आज मुख्यतः पोलंडमध्ये आहे) सुयांवर विणणाऱ्या कारागिरांच्या संघात उस्ताद म्हणून प्रवेश मिळवायला एक मोठा विणलेला गालिचा करून दाखवावा लागे. दीड-दोन मीटरचे, अनेक रंगी लोकरींचे हे गालिचे भिंतीवर किंवा टेबलावर शोभत. त्यांचा भर रंगांवर होता, उठावावर नव्हे. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत मेरी वॉकर फिलिप्स यांनी लिननसारख्या धाग्यांतून भिंतीसाठीच विणलं, आणि विणकाम चित्रासारखं टांगता येतं हे तिकडच्या कलाजगताला दाखवून दिलं. त्या बाईंना आमचा नमस्कार सांगा आणि एक वेणी विणून मागा.

प्रश्न : धुवायचं कसं? दशांचा गुंता होतो. (नाशिक)

उत्तर : वर्षातून एकदा पुरे. एरवी महिन्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर जुनी मच्छरदाणी बांधून हलक्या ओढीनं धूळ काढा, नाहीतर गच्चीत नेऊन झटका. धुण्याआधी दांडी काढा आणि दशांच्या चार-पाच गोंड्यांची एक अशा सैल वेण्या घालून टोकाला दोरा बांधा. बादलीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, दहा मिनिटं भिजवा, दाबून पाणी काढा. पिळू नका आणि ओलं असताना टांगू नका. पाण्याच्या वजनानं एका दुपारीच ते कायमचं लांबतं. टॉवेलवर आडवं वाळवा, मग दशा सोडून मोठ्या दातांच्या फणीनं खालून वर विंचरा.